छाटणी कधी करायची? आधी झाड फुलतं कुठं ते बघा



आजचा मेसेज नेहमीपेक्षा लांब आहे. जेवण झाल्यावर सवडीनं वाचा, पण या आठवड्यात वाचाच. रोहिणी निघालीय, मृग दारात आहे. केशरची काढणी निम्म्याच्या वर झाली आणि गेल्या चार दिवसांत मला एकच प्रश्न बारा-तेरा जणांनी विचारलाय. "ताई, आंबा आत्ता छाटू का दिवाळीनंतर? दिवाळीत माणसं मोकळी असत्यात."

उत्तर एका ओळीत देता येतं: केशर आत्ता, काढणी संपली की लगेच. पण एका ओळीचं उत्तर दिलं की काय होतं ते मी एकदा बघितलंय, म्हणून ते आधी सांगते.

कंपनीत लागले त्या पहिल्याच वर्षाची गोष्ट. हातकणंगले तालुक्यातल्या आपल्या एका सभासदांची पंधरा गुंठ्यात ५ बाय ५ मीटरवर केशरची ६० झाडं. झाडं आठ वर्षांची, फांदीला फांदी भिडलेली, खाली ऊन पडत नव्हतं. ऑक्टोबरमध्ये त्यांचा फोन आला, "भात कापून झालंय, दोन गडी मोकळे हायत, छाटून घेऊ का?" माझ्या डिप्लोमाच्या वहीत लिहिलेलं होतं: आंबा छाटणी, ऑक्टोबर-नोव्हेंबर. मी म्हटलं, घ्या. घेतली. नोव्हेंबरात झाडांना अशी तांबूस लुसलुशीत पालवी आली की मी स्वतः जाऊन फोटो काढले आणि आपल्याच ग्रुपवर टाकले. जुन्या सभासदांना ते आठवत असतील. जानेवारीत शेजारच्या बांधावरच्या झाडांना मोहोर, आणि या ६० झाडांना नुसता पाला. त्या वर्षी त्यांनी आंबा पाहुण्यांना वाटण्यापुरताही काढला नाही. मुलीच्या कॉलेजची फी त्या आंब्यावर धरली होती, ती शेवटी सोसायटीतनं उचलून भरली. मला ते एवढंच म्हणाले, "पाला ईकून काय मिळतंय का बगा की ताई."

वहीत लिहिलेलं चूक नव्हतं. ते वेगळ्या कामाबद्दल होतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ऑक्टोबर-नोव्हेंबरची शिफारस आहे ती जुन्या, उंच वाढलेल्या, उत्पन्न घटलेल्या बागांच्या पुनरुज्जीवनासाठी. म्हणजे झाड निम्म्यापर्यंत उतरवायचं, जाड फांद्या कापायच्या, आणि पुढची दोन-तीन वर्षं फळ विसरून नवा सांगाडा तयार करायचा. अशा मोठ्या जखमा भर पावसात करता येत नाहीत, म्हणून पाऊस संपल्यावरची वेळ. दरवर्षीची हलकी छाटणी हे त्याच्याहून निराळं काम, त्याची वेळही निराळी. दोन्हीला आपण मराठीत "छाटणी"च म्हणतो, आणि घोळ तिथंच होतो.

*झाड फुलतं कुठं?*

छाटणीची वेळ ठरवायला कॅलेंडरच्या आधी हा प्रश्न. कोणतंही फळझाड घ्या, फूल कुठं येतं ते बघा: नव्या कोवळ्या फुटीवर, का जुनी होऊन पक्व झालेल्या काडीच्या शेंड्यावर?

आंब्याचा मोहोर काडीच्या शेंड्याला येतो, आणि ती काडी निदान चार-पाच महिन्यांची झालेली लागते. पान गडद हिरवं, मोडलं तर कडकन मोडणारं, काडी तपकिरीकडं झुकलेली. अशा काडीला नोव्हेंबर-डिसेंबरची थंडी लागली की ती मोहोर काढते. आता उलटं मोजा. डिसेंबरात मोहोर पाहिजे तर काडी जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेली पाहिजे. छाटल्यापासून पालवी यायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे छाटणी जूनमध्ये. ऑक्टोबरात छाटलं की पालवी नोव्हेंबरात येते, थंडी पडते तेव्हा ती पोरवयात असते. झाडाचा त्यात काही दोष नाही.

पेरूचं नेमकं उलट आहे. पेरूला फूल येतं ते नव्या फुटीवर, फुटीच्या चौथ्या-पाचव्या पानाच्या बेचक्यात. म्हणून पेरू छाटला की फळ लांबत नाही, छाटणीच फळाला बोलावते. जेव्हा फळ पाहिजे त्याच्या आधी हिशोबानं छाटायचं. आपल्याकडं पेरूचा मृग बहार फायद्याचा. एप्रिल अखेर ते मे मध्ये छाटणी, जून-जुलैत फूल, आणि फळ नोव्हेंबर ते जानेवारी. थंडीतलं फळ गोड, टिकाऊ, फळमाशीचा त्रासही पावसाळी फळापेक्षा कमी. आंबे बहाराचा पेरू भर पावसात पिकतो, पाणचट लागतो आणि निम्म्या फळात अळी. (लखनौ-४९ लावलेल्यांसाठी एक गंमत. नाव लखनौचं असलं तरी ही जात पुण्याच्या गणेशखिंड केंद्रावर १९२७ साली डॉ. चीमा यांनी निवडलेली. सरदार पेरू तो हाच.)

शिरोळकडच्या ज्या सभासदांनी पेरू अजून छाटला नाही त्यांनी या आठवड्यात उरकून घ्या. गेल्या हंगामातल्या फुटीची निम्मी लांबी ठेवा, निम्मी कापा. जाड फांदीला हात लावू नका. मृगाचा पहिला पाऊस पडला तरी दोन-चार दिवस इकडं-तिकडं चालतं, पण जून अखेरीला छाटून नोव्हेंबरात फळ मागू नका.

सीताफळही नव्या फुटीवर फुलतं. थंडीत त्याची पानगळ होते, झाड आपोआप विश्रांतीला जातं. पाण्याची सोय असेल त्यांनी जानेवारी अखेरपासून पुढं, पानगळ झालेली असतानाच छाटून पाणी सुरू करायचं. ज्यांचं पावसावर आहे त्यांनी मे महिना धरायचा. बोर तर एप्रिल-मेमध्ये सपाटून छाटावी लागते, तिच्यावर दया दाखवली की नुसती काट्यांची जाळी होते आणि फळं सुपारीएवढी. चिकूला वार्षिक छाटणी लागतच नाही. वाळकी, आत गुंतलेली, जमिनीला टेकलेली फांदी काढली की झालं. मागच्या वर्षी एकानं चिकूला पेरूसारखं भादरलं होतं, त्यावर जास्त बोलत नाही.

*यूट्यूबवाला बरोबर सांगतो, पण त्याच्या गावासाठी*

बऱ्याच जणांनी मला एक-दोन व्हिडिओ पाठवलेत, त्यात सांगितलंय की फळझाडं नेहमी हिवाळ्यात छाटावीत. तो माणूस खोटं बोलत नाही. हिमाचलात सफरचंद, युरोपात नासपती, हे सगळं डिसेंबर ते फेब्रुवारीत छाटतात. तिथं झाड बर्फात पूर्ण झोपलेलं असतं, पानं गळलेली, रस खाली उतरलेला. वसंतात जाग आली की सगळा जोर उरलेल्या डोळ्यांवर जातो.

आपल्या केशरला झोप माहीत नाही. आंबा, पेरू, चिकू बारा महिने हिरवे. डाळिंबासारख्या झाडाला झोपवायचं तर आपण पाणी तोडून ताण देतो, थंडी ते काम करत नाही. म्हणून आपल्याकडं बहाराची नावं सुद्धा थंडी-उन्हाळ्यावर नाहीत, नक्षत्रावर आहेत: मृग बहार, हस्त बहार. आंबे बहाराला आंब्याच्या मोहोराची साक्ष. आपल्या आज्या-पणज्यांनी वेळ पाण्यावर मोजली होती.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सांगली-तासगावची द्राक्षं. थंड मुलखात द्राक्षवेल वर्षातनं एकदा, हिवाळ्यात छाटतात. आपल्याकडं दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. खरडीला वेल एक-दोन डोळ्यांवर आणतात. त्यावर ज्या नव्या काड्या येतात त्यांच्या डोळ्यांत, साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात, पुढच्या हंगामाचा घड आत तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. त्या काळात डोळ्यावर ऊन पाहिजे. खरड मे अखेरपर्यंत लांबवली की तो काळ नेमका जून-जुलैच्या ढगाळ हवेत सापडतो, डोळ्यात घडाऐवजी बाळी बनते, आणि हे कळतं ऑक्टोबरात, खर्च करून झाल्यावर. आपल्या शिरोळच्या द्राक्षवाल्या सभासदांचा तो काळ आत्ता चालू आहे. काड्यांची गर्दी विरळ करा, पाणी-नत्र हात राखून द्या.

ऑक्टोबरच्या छाटणीतही तसंच आहे. लवकर केली तर परतीच्या पावसात केवडा, फार उशिरा केली तर थंडीत मणी फुगत नाही आणि भुरी येते. २०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबलाच नाही तेव्हा फुलोऱ्यात असलेल्या बागांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. तिथं योग्य तारीख म्हणजे दोन धोक्यांच्या मधली पट्टी, आणि ती दरवर्षी थोडी सरकते.

*कोल्हापूर एक जिल्हा नाही*

निदान पावसाच्या बाबतीत तरी नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या पुढं पाऊस, शिरोळात पाचशेच्या आसपास. मधलं अंतर एसटीनं एका दिवसात जाऊन यायचं. त्यामुळं मी "जूनमध्ये छाटा" म्हटलं की त्याचा अर्थ दोन्हीकडं सारखा होत नाही.

शिरोळ, हातकणंगले, कागलचा पूर्व भाग: काढणी संपल्यापासून आर्द्रा संपेपर्यंत, म्हणजे ५ जुलैपर्यंत आंब्याची छाटणी करा. अगदीच नाही जमलं तर १५ जुलै. त्यापुढं मी कुणाला हो म्हणणार नाही.

राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, गगनबावडा, आजऱ्याचा घाटाकडचा भाग: तुमच्याकडं एकदा झड लागली की आठ-आठ दिवस झाड सुकत नाही. ओल्या झाडावर केलेली जखम भरत नाही, कुजते, बुरशी आत उतरते. म्हणून सगळी बाग रिकामी व्हायची वाट बघू नका. ज्या झाडाचा आंबा उतरला ते झाड दुसऱ्या दिवशी छाटा, जखमेला पेस्ट लावा. पावसानं गाठलंच तर उघडीप बघून फक्त शेंड्याची हलकी छाटणी, अंगठ्यापेक्षा जाड काही कापायचं नाही. जाड फांद्या पाऊस संपल्यावर बघू.

काजूवाल्या चंदगड-आजऱ्याच्या सभासदांना: काजूचा मोहोरही आंब्यासारखा शेंड्याला. बी वेचून संपली की वाळकी, रोगट, एकमेकांवर घासणारी फांदी काढा, बाकी शेंडे राहू द्या. लहान झाडाचा बुंधा जमिनीपासून गुडघ्याच्या वर मोकळा ठेवा. बुंध्याला जखम झाली की खोडकिडीला दार उघडलं म्हणून समजा, म्हणून कोयत्यानं घाव घालत बसू नका.

नदीकाठच्यांसाठी एक वेगळी गोष्ट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यात उभी राहिलेली झाडं पाणी ओसरल्यावर लगेच छाटायची घाई काहींनी केली. पाण्यात मुळं गुदमरलेली असतात, अशा वेळी झाडाला उरलेला पालाच जगवतो. पूर आला तर आधी चर काढून पाणी काढा, नवी फूट कुठं येते ते बघा, आणि फूट आली नाही तेवढंच नंतर कापा. यंदा तशी वेळ येऊ नये.

*केशर छाटायचा कसा*

काढणी झाल्यावर शेंड्याला मोहोराचे वाळके तुरे आणि देठ राहतात. त्याच्या खाली, जिथं मागच्या वाढीची कांडी संपते आणि पेराजवळ डोळ्यांची दाटी असते, तिथं थोडं वर कापायचं. पेराच्या अगदी खाली कापलं की एक-दोनच फुटवे येतात, वर कापलं की चार-पाच. मग त्यातले बाहेरच्या दिशेचे दोन-तीन ठेवून बाकीचे कोवळे असतानाच हातानं मोडायचे. हे मोडायचं काम ऑगस्टमध्ये लोक विसरतात, आणि दोन वर्षांत झाड पुन्हा झुडूप.

मग झाडाच्या मधोमध उभं राहून वर बघा. आभाळ दिसत नसेल तर मधली सरळ वर गेलेली एखादी फांदी काढा. दाट, अंधाऱ्या झाडात तुडतुडे दबा धरून बसतात आणि मोहोरावर उतरतात. मधून ऊन आणि वारा गेला की फवारणी सुद्धा आतपर्यंत पोचते. पण एका वर्षात झाडाचा चौथा हिस्सा, यापेक्षा जास्त पाला काढू नका. भूक लागली म्हणून तीन दिवसांचं एकदम जेवता येत नाही, तसं आठ वर्षांची अडचण एका जूनमध्ये निघत नाही.

जाड फांदी कापताना आधी खालून थोडी करवत मारा, मग थोडं पुढं वरून कापा, फांदी पडली की राहिलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर वळ्याला धरून साफ करा. खुंट ठेवला तर वाळतो, फोड होते. वळ्यात घुसलात तर जखम भरत नाही. काप तिरका, पाणी थांबू नये.

हत्यार म्हणजे सिकेटर आणि करवत. कुऱ्हाड-कोयता नको, साल सोलपटून निघते. एका झाडावर मर, डिंक्या किंवा डाळिंबात तेल्या दिसला तर ते झाड सगळ्यात शेवटी घ्या आणि हत्यार सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवून पुढं जा. तेल्या माणसाच्या हातानं जेवढा पसरतो तेवढा वाऱ्यानं पसरत नसेल.

बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद निम्म्या पाण्यात, चुना निम्म्या पाण्यात वेगवेगळे भिजवा, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांड्यात कधीच नाही. मग दोन्ही एकत्र ओतत काठीनं ढवळा. स्वच्छ लोखंडी सळई किंवा विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून बघा, तांबूस चढलं तर चुन्याची निवळी अजून घाला. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशीची पेस्ट म्हणजे नुसता निळा रंग. छाटून झालेल्या झाडावर १ टक्का बोर्डोची फवारणी घ्यायची तर तेवढंच मोरचूद आणि चुना १०० लिटर पाण्याला.

आणि एक सांगायचं राहिलं. आपल्याकडं "लाकडाच्या बदल्यात छाटून देतो" म्हणणारी माणसं फिरतात. पैसे वाचतात हे खरं. पण ज्याची मजुरी लाकडात आहे तो बारीक काडी कशाला कापेल? तो जाडच फांदी शोधणार. तुम्ही झाडाखाली उभे राहणार असाल, आणि कापायच्या फांदीला आधी चुन्याची खूण केली असेल, तरच त्यांना बोलवा.

त्या हातकणंगल्याच्या काकांचं पुढं काय झालं ते विचारतात म्हणून. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पुढच्या जूनमध्ये त्यांनी हलकीच छाटणी केली, पंधरा जूनला दोन दिवसांत ६० झाडं उरकली. डिसेंबरात मोहोर आला. तो फोटो मी ग्रुपवर टाकला नाही, त्यांनीच टाकला. खाली लिहिलं होतं, "ह्यो पाला न्हाई."

आता काम. ज्यांची काढणी संपली किंवा आठवड्यात संपणार आहे त्यांनी एका झाडाचे तीन फोटो पाठवा: लांबून पूर्ण झाड, खालून वर आभाळाकडं, आणि मोहोराचा तुरा असलेली एक फांदी जवळून. सोबत गाव, झाडाचं वय आणि अंतर लिहा. फोटोवर खूण करून कुठं कापायचं ते मी परत पाठवते. रात्री आठपर्यंत आलेल्या फोटोंना त्याच दिवशी. बोर्डो पेस्ट प्रत्यक्ष करून बघायची असेल त्यांनी शनिवारी सकाळी नऊला कंपनीच्या गोदामावर या, येताना स्वतःची प्लास्टिकची बादली आणा. मोरचूद आणि चुना गोदामात आलेला आहे.